धिटाई तुझी, तोंड बसूचं

दिगू,

चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'संवेदनशील दिग्दर्शक'. फोटोत तुला चांगलं गोरंगोमटं करून टाकलंय, खांद्यावर शाल, ओठांवर ते तुझं सत्काराचं हसू. रिक्षातून जाताना दिसला आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "डोंबलाचा संवेदनशील!" रिक्षावाला बिचारा दचकला. त्याला वाटलं, मी त्यालाच काही बोलून राहिले.

तू गेल्यापासून वर्तमानपत्रात तुझ्याबद्दल बरंच आलंय. जन्म कुठला, शिक्षण कुठलं, पुरस्कार कोणकोणते. असेल सगळं बरोबर. मलाही एकदोघांनी गळ घातली, "शोभाताई, तुम्ही सरांच्या सुरुवातीपासूनच्या. चार गोड शब्द लिहून द्या." चार गोड ओळी त्यांना पाठवून दिल्या, वाच तू वाटलं तर. हे मात्र त्यांना देणार नाही. हे तुला लिहून राहिले. तुझ्या तोंडावर मी बरंच बोलले, पण तुझी एक खोड होती, अर्ध्यातून उठून जायची. आता उठून जाशील कुठं?

आधी चांगलं सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की शोभीला फक्त शिव्याच येतात. मी नांदेडच्या गल्लीत ब्लाऊज शिवत बसलेली बाई. नवरा टाकून गेलेला. तू स्पर्धेच्या नाटकाचे अंगरखे शिवायला आणलेस आणि दुकानाच्या पायरीवर बसून सांगत बसलास की हा माणूस हरलेला आहे, ह्याचा अंगरखा खांद्यात जरा सैल पाहिजे. तोवर मला कुणी कपड्याचं माप सोडून दुसरं काही सांगितलं नव्हतं. मी खांद्यात सैल शिवला. तालमीत त्या नटानं तो घातला आणि खरंच तो हरलेला दिसायला लागला. तू रडलास. मी म्हणलं, मेल्या, रडतोस काय, शिलाई दे. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक नाटकाचा कपडेपट माझा. गल्लीतल्या बायका मला 'नाटकवाली' म्हणायला लागल्या आणि मला त्याचा राग यायचा बंद झाला. हे तुझं देणं आहे. मी ते नाकारत नाही.

तुझ्या मयतीला आले होते. तुझ्या भावानं तुला नवा कुर्ता घातला होता आणि कॉलरला दुकानाच्या लेबलचा दोरा लोंबत होता. कुणाचं लक्ष नव्हतं. मी खाली वाकून नखानं तोडला. जन्मभर तुझ्या नटांचे दोरे तोडले, विंगेत, ऐनवेळी. तुझा तोडताना डोळ्यांना पदर लावला. तेवढीच मी रडले तुझ्यासाठी. त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही.

असो, मागचं सांगत होते. नाटकं चालली होती आणि तुला तो सिनेमा करायचा झाला.

गोष्ट चांगली होती. हे ठणकावून सांगते, नाहीतर लोक म्हणतील शोभीला विषयच खटकला. केळीच्या बागेत मजुरी करणारा एक पोरगा आणि केळी भरायला येणारा ट्रकवरचा एक पोरगा, त्यांचं एकमेकांवर प्रेम बसतं. तू मला वाचून दाखवलीस तेव्हा मी शिलाई थांबवून ऐकली. आपल्याकडं असली पोरं नाहीत का? आहेत की. गावोगाव आहेत, लग्नं करून, तोंड शिवून बसलेली आहेत. त्यांची गोष्ट कुणी तरी सांगायलाच पाहिजे होती. मी म्हणलं, "कर दिगू. लई मोठं काम होईल." मला काय ठाऊक, तू ते काम कुणाच्या जिवावर करणार होतास.

ट्रकवरचा पोरगा तू मुंबईहून आणलास. चांगला होता बिचारा, कामसू. पण त्याच्यासोबत त्याची एक मॅनेजर बाई आली होती. जवळिकीच्या सीनला काय दाखवायचं, किती दाखवायचं, त्या वेळी तिथं कोण उभं राहील, सगळं तिनं तुझ्याकडून सहीनिशी घेतलं होतं. मजुराच्या कामाला तू बसूला घेतलंस. बसवराज, उदगीरचा, लिंगायताचं पोरगं. बाप मोंढ्याच्या बाजाराजवळ किराण्याचं दुकान चालवायचा. पोरगं लातुरात नाट्यशास्त्राचं एम.ए. करून राहिलेलं, बावीस-तेविशीचं. तुझ्याकडं असं बघायचं जसं मंदिरात बघतात. त्याच्याकडं कसली सही न् कसलं काय. त्याच्याकडं फक्त तू होतास.

दोघांना तू हुकूम केला होतास की शूटिंग सोडून एकमेकांशी बोलायचं नाही. म्हणजे म्हणे ओढ खरी दिसते. मुंबईचा पोरगा हसून सोडून द्यायचा, फोनवर त्याचे दोस्त होते. बसूचा फोन तू काढून घेतला होतास. अर्धापूरच्या त्या बागेतल्या खोलीत एकटा राहायचा तो. मी डबा घेऊन गेले की म्हणायचा, "अक्का, बसा की जरा. कुणाचा आवाजच न्हाई दिवसभर." मी तुला सांगितलं की पोरगं कोमेजून राहिलंय. तू म्हणालास, "तेच तर पाहिजे मला, शोभे. कॅमेऱ्याला कळतं ते." काय तर कॅमेऱ्याला कळतं! तुला कळत होतं का?

आणि तालमीची ती तुझी रीत. दार लावून एकेका पोराला समोर बसवायचं आणि म्हणायचं, तुझ्या आतलं खरं सांग, म्हणजे भूमिका सापडेल. नाटकात तू हे वर्षानुवर्षं केलंस. पोरं बाहेर यायची ती डोळे सुजवून, आणि तुझ्या पाया पडायची. मी कायम म्हणायचे, दिगू, डॉक्टर फाडतो मग टाके घालतो, तू नुसतं फाडून सोडून देतोस. तू हसायचास. बसूला घेऊन तू दुपारभर त्या खोलीत बसलास. तो काय बोलला मला ठाऊक नाही. तो कसा आहे, कुणाकडं ओढला जातो, हे मी आजवर त्याला विचारलेलं नाही. मला काय करायचंय? मी त्याचा डबा आणणारी बाई.

मग पत्र्याच्या शेडमधला तो सीन.

आपल्याकडची रीत तुला ठाऊकच होती. ज्यानं शेत फुकट दिलं, त्याची खुर्ची कॅमेऱ्याशेजारी. नाटकाच्या तालमीला वाड्याची जागा देणारा पाटील जसा पहिल्या रांगेत बसायचा, तसंच. बागेचा मालक त्या दिवशी नुसता स्वतः आला नाही, मेव्हणे आले, पुतणे आले, पानाचा डबा आला. दोन पोरांनी एकमेकांना जवळ घ्यायचा सीन, एका चुंबनाचा, आणि समोर पंधरावीस बाप्ये फेटे सावरत, मोबाईल हातात घेऊन बसलेले. मुंबईच्या पोराची मॅनेजर म्हणाली, ह्यांना बाहेर काढा, नाहीतर आमचा मुलगा उभा राहणार नाही. तू काय केलंस? त्याचे क्लोजअप आधी उरकलेस, त्या वेळी सगळ्यांना चहाला पाठवलंस. आणि बसूच्या वेळी परत बोलावून बसवलंस.

मी तुझ्याजवळ आले. म्हणलं, "दिगू, हाकल ह्यांना."

"मालक आहेत, शोभे. वाईट वाटेल त्यांना."

"आणि बसूला?"

तू हळूच म्हणालास, "गर्दी असली की पोरगं लाजतं. ती लाज मला खरी मिळून राहिली. तू मधे पडू नको."

हे मी कधीच विसरणार नाही. लाज तुला खरी पाहिजे होती, आणि फुकटात. नट म्हणजे काय, दिगू? खोटी लाज खरी करून दाखवतो तो नट. तो तेच करायला आला होता, शिकून आला होता. तुला तेवढा धीर नव्हता. पोराला खरंच लाजवलंस आणि त्याला दिग्दर्शन म्हणालास. कपडेपटाच्या पेटीतून मी दोन लुगडी काढली आणि शेडच्या खांबाला दोरी बांधून त्यावर टाकायला लागले. तू सगळ्यांदेखत ओरडलास, "शोभा, तमाशाचा तंबू नाही हा!" बाप्ये हसले. बसूपण हसला, माझ्याकडं बघून, मला बरं वाटावं म्हणून. लुगडी मी काढली नाहीत. पण ती दोनच होती आणि शेड मोठी होती.

सिनेमा झाला. परदेशात कुठं तरी बक्षीस मिळालं. तू परत आलास तो गळ्यात मफलर घालूनच, भर उन्हाळ्यात. नांदेडच्या उन्हाळ्यात मफलर, अरे देवा! मी म्हणलं, घसा बसला का? तर नाही, तिकडून आलेला माणूस आहे हे दिसायला पाहिजे. आणि मग तुझ्या मंडळींना सुचलं, पोरांचं अभिनंदन करायचं, उदगीरला फ्लेक्स लावायचा.

आपल्या भागात माणूस दहावी झाला तरी चौकात फ्लेक्स लागतो. वाढदिवसाला लागतो, सोसायटीचा संचालक झाला की लागतो. त्यात वावगं काही नाही. पण हा फोटो तू निवडलास. दोघा पोरांची डोकी एकमेकांना टेकलेली, डोळे मिटलेले. 'उदगीरच्या सुपुत्राचे हार्दिक अभिनंदन'. कोपऱ्यात तू, मफलरीत. बसूला तू विचारलं नाहीस. घरी काय सांगितलंय त्यानं, विचारलं नाहीस. त्यानं घरी एवढंच सांगितलं होतं की एका सिनेमात काम मिळालंय, शेतमजुराचं.

पुढचं मला बसूनं फोनवर सांगितलं होतं, हसत हसत. त्या सकाळी अप्पानं, म्हणजे त्याच्या बापानं, दुकान उघडताना समोरच्या चौकात पोराचा फोटो बघितला. अप्पाला वाटलं, दोन भावांचा सिनेमा असेल, भाऊ भावाला भेटला असेल. दुकान नोकरावर सोडून तो माणूस मिठाईवाल्याकडं गेला आणि पेढ्यांचे पुडे घेऊन आला. हमालांना पेढा, गिऱ्हाइकाला पेढा, शेजारच्या आडतवाल्याला पेढा. "पोरगं नाव काढून राहिलं बगा." बसू म्हणत होता, "अक्का, अप्पा माझ्या नावानं पेढे वाटून राहिलेत हो. जन्मात पैल्यांदा." मी शिलाई मशीनवर डोकं टेकलं. मला पुढचं दिसत होतं आणि पोराला सांगवत नव्हतं.

दुपारपर्यंत कुणी तरी अप्पाच्या हातात मोबाईल दिला. सिनेमाचा तुकडा नव्हता तो. सिनेमातला असता तर बरं झालं असतं, त्यात तुझा उजेड होता, संगीत होतं, काही तरी मान होता. तो शेडमध्ये पानाचा डबा घेऊन बसलेल्यांपैकी कुणी तरी काढलेला होता. त्यात पोरं दिसतात आणि कॅमेऱ्यामागच्या बाप्यांचं हसू ऐकू येतं. ज्यांना तू हाकललं नाहीस त्यांचं. अप्पानं शटर ओढलं. पेढे तसेच गल्ल्याशेजारी राहिले.

तरीपण निभावलं असतं, दिगू. खरंच निभावलं असतं. बसू घरी गेला, बापापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "अप्पा, ते काम हाय. नाटकात मी राक्षस झालो तवा मी राक्षस होतो का?" अप्पा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं. कुणी टोमणा मारला की म्हणायचा, "काम हाय ते त्याचं. तुला येतंय का?" असा अडाणी नव्हता रे तो माणूस. पोराच्या बाजूनं उभा राहायला त्याला एक काठी पाहिजे होती, आणि 'काम आहे' ही काठी पोरानं त्याच्या हातात दिली होती. नटाचं एवढंच तर असतं. रंग पुसला की घरी जाता येतं.

ती काठी तू काढून घेतलीस. लातूरला तुझा सत्कार होता. मी खाली बसले होते. शाल, नारळ, भाषण. आणि तू माईकवर म्हणालास, आवाज घोगरा करून, "ह्या सिनेमानं बसवराजला स्वतःची ओळख दिली. तालमीत बंद दाराआड त्यानं मला स्वतःबद्दल जे सांगितलं ते ऐकून मी रडलो. आज तो मोकळा झाला." टाळ्या. लोक उभे राहिले. मी पण उभी राहिले, पण चप्पल शोधायला.

दुसऱ्या दिवशी ते उदगीरला छापून आलं. आता अप्पानं कुणाला काय म्हणायचं होतं? काम आहे म्हणायचं होतं का? अप्पानं फोनवर एकच वाक्य सांगितलं म्हणे, "तुझ्या मास्तरनंच सांगितलंय. आता घरी येऊ नको."

बसू माझ्याकडं आला. बॅग घेऊन दुकानाच्या पायरीवर बसला, जिथं तू अंगरखे घेऊन बसला होतास. जेवायचा नाही. झोपायचा नाही. काज करायला द्यायचे तर दिवसभर एकच काज करायचा आणि उसवायचा. मी त्याला डॉक्टरकडं नेलं, गोळ्या चालू केल्या, त्याच्या उशाशी बसले. तुला फोन केला, "दिगू, ये. काही बोलू नको, नुसता त्याच्याजवळ बस." तू म्हणालास, पुण्याला चर्चासत्र आहे. विषय काय तर 'कलावंताची संवेदनशीलता'! आणि बसूला मेसेज पाठवलास. जोडलेले दोन हात आणि एक गुलाबाचं फूल. पोरानं तो मला दाखवला. म्हणाला, "सरांना कामं असत्यात, अक्का." मला वाटलं फोन भिंतीवर आपटावा, पण फोन त्याचा होता.

शेवटी तू दुकानावर आलास, बसू हैदराबादला निघून गेल्यावर. मोबाईलच्या दुकानात लागला तो तिथं, अजून तिथंच आहे. नाटकाचं नाव काढत नाही. तू पायरीवर बसलास आणि म्हणालास, "शोभे, कलेत काही तरी द्यावं लागतं." मी कात्री खाली ठेवली. म्हणलं, "तू काय दिलंस? लोकांना त्यांची ओळख द्यायची एवढी हौस आहे तर एक दिवस माईकवर स्वतःची सांग."

तुझा चेहरा पांढरा पडला. उठलास आणि गेलास, तुझ्या खोडीप्रमाणं. आपलं ते शेवटचं बोलणं. त्याची मला जरासुद्धा खंत नाही. मी तुला कधी काही विचारलं नव्हतं. जन्मभर लोक मला तुझ्याबद्दल विचारायचे आणि मी म्हणायचे, आपापलं काम बघा. तुला ती आडोशाची जागा सगळ्यांनी दिली, मी दिली, तुझ्या आईनं दिली. तू भित्रा होतास ह्याचा मला राग नव्हता. भ्यावं असंच आहे आपलं जग. पण ज्याला भीती म्हणजे काय ते आतून ठाऊक आहे, त्यानं दुसऱ्याच्या पोराला उघड्यावर उभं करावं? तुझ्या धिटाईला तोंड बसूचं लावलंस. हलकट होतास तू, दिगू. मेल्यावर माणसाला असं म्हणू नये म्हणतात. म्हणू दे.

काल लातूरला तुझी शोकसभा झाली. बसू आला होता हैदराबादहून. मी विचारलं, कामून आलास? म्हणाला, "सर होते, अक्का." आणखी एक सांगितलं. अप्पानं गेल्या आठवड्यात त्याचा फोन उचलला, दोन वर्षांत पहिल्यांदा. तू मेल्याची बातमी अप्पानंही वाचली असणार. "जेवलास का?" एवढंच विचारलं आणि ठेवला. बसूनं मला ते तीनदा सांगितलं. म्हणाला, सभा झाली की उदगीरला जातो, दारात उभा राहून बगतो काय म्हणत्यात ते.

सभेत तुझ्या मंडळींनी पडदा लावला होता. शेडमधला सीन दाखवणार होते, श्रद्धांजली म्हणून. सगळं गाव बसलेलं, वर्तमानपत्रवाले आलेले, बसू तिसऱ्या रांगेत. उद्या हे उदगीरला छापून जाणार आणि दारात उभा राहिलेल्या पोराच्या आधी पोचणार. मी गेले आणि प्रोजेक्टरची वायर भिंतीतून उपसली. संयोजक धावत आला, "शोभाताई, काय करून राहिल्या?" मी म्हणलं, "श्रद्धांजली वाहून राहिले." वायर मी हातात गुंडाळून तशीच खुर्चीवर बसले. बाईमाणसाच्या हातातून ओढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही.

सभा सुटली आणि एका पत्रकारानं बसूला दारात गाठलं. माईक पुढं धरला. "सरांनी शेवटपर्यंत लग्न केलं नाही. ही गोष्ट त्यांचीच होती असं बोललं जातं. तुम्ही त्यांच्या जवळचे. तुम्हाला ते कधी काही बोलले होते का?"

मी दोघांच्या मधे जायला निघाले. मेला होतास, तरी तुझ्यासाठीच निघाले. तू आयुष्यभर ज्या प्रश्नाला टाळत पळालास तो आता त्या पोरापुढं उभा होता. आणि बसूनं नुसतं 'हाव' म्हणलं असतं तर त्याचं काय वाईट होणार होतं? उलट त्याची सुटका होती. सगळा बोभाटा तुझ्या नावानं झाला असता. अप्पाला म्हणता आलं असतं, मास्तरच तसला होता, माझं पोरगं भोळं. दार उघडलं असतं. मेलेल्या माणसाचं काय जातंय?

बसूनं माईककडं बघितलं. म्हणाला, "सर माझ्याशी कामाचं बोलायचे. चांगलं शिकवायचे. बाकी मला काही ठाऊक न्हाई." आणि पत्रकाराच्या बाजूनं वाट काढून बाहेर पडला.

स्टँडवर मी त्याच्यासोबत गेले. उदगीरची गाडी लागलेलीच होती. मला राहवलं नाही. म्हणलं, "बसू, हाव म्हणला असतास तर अप्पाकडं जाणं सोपं झालं असतं रे."

"झालं असतं की."

"मग?"

त्यानं बॅग ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "त्या दिवशी बंद खोलीत सरांनी बी मला त्यांचं सांगितलं, अक्का. लई रडले. मग म्हणले, बसू, हे कुणाला बोलू नको हां. मी म्हणलं, न्हाई बोलत सर."

कंडक्टर ओरडला, "चला उदगीर, उदगीर." बसूनं दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला.

"मी बी त्यांना तेच म्हणलो होतो, माझं कुणाला बोलू नका," तो म्हणाला, आणि वर चढला.

गाडी गेली. तुझं त्याच्यापाशी अजून आहे, दिगू. नीट ठेवलंय त्यानं.